पत्र्याला पत्रा

"मामा, हे वादळ समुद्रातलं आहे. घाट चढून नाशिकपर्यंत येईस्तोवर त्याला धाप लागेल," असं मी बायकोच्या मामांना फोनवर ऐकवलं आणि त्यांना धीर द्यायला म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विंचूरला गेलो. वादळ आलं. धाप फक्त मला लागली.

वाऱ्यावर इतका अविश्वास असलेला माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. मामांकडे टाकीचं झाकण बांधलेलं, झाडू खिळ्याला बांधलेला, फाटकाला कुलूप आणि त्या कुलपालाही दोर. मागच्या दिवाळीत त्यांनी आमची गाडी कडुनिंबाला बांधली. "मामा, तिला हँडब्रेक आहे," मी म्हणालो. "असू द्या, जावईबापू. वारा इचारून येत नाय." ती गाठ सोडवता सोडवता भाऊबीज उलटली.

त्या दिवशी तर मामांच्या अंगात विशीतलं बळ आलं. सकाळपासून ते कांद्याच्या चाळीवर चढलेले. वर्षाचा सगळा कांदा तिच्यातच. भिजला की सडला. पत्र्याला पत्रा, त्याला पुढचा पत्रा, असं अख्खं छप्पर त्यांनी विणून काढलं. मी खालून दोर पुरवत होतो, म्हणजे बहुतेक वेळ दोरात अडकत होतो.

दुपारी वारा सुटला. शेजारच्या आबांच्या शेडचे पत्रे पत्त्यांसारखे एकेक करून उडाले. मामांचा एकही हलेना. "बघा गाठ!" मामा ओरडले. तेवढ्यात सगळं छप्पर एकदम उचललं गेलं आणि डौलात आबांच्या द्राक्षबागेत जाऊन बसलं. ते खालच्या खांबांनाही बांधायचं असतं, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पाऊस सुरू झाला. स्वतःची शेड उघडी टाकून आबा ताडपत्री आणि दोन गडी घेऊन धावत आले. "मामा, छप्पर पोचलं आमच्याकडं. चहापाणी करून धाडतो. आधी कांदा आत घ्या." टोपल्या सुरू झाल्या. ओसरी भरली, माजघर भरलं, देवघरात देव कांद्याआड गेले. एक कोपरा भिजलाच, बाकी वाचला.

वारा पडल्यावर मामा बागेत जाऊन एकेक गाठ चाचपून आले. "एक सुटली नाय," म्हणाले, पण अगदी हळू. मग माजघरात, बंद खिडकीशी बसून, कांद्यावरची ताडपत्री दोराने बांधू लागले.

परतताना ते आठवून मी हसत होतो. बायको म्हणाली, "मामी होती तोवर त्या घरात कपडे वाळत घालायलासुद्धा धड दोरी सापडायची नाही."