ठमी फार पाणी पिते

दीनानाथ चौबळला घरात एकच काम होतं. बाकीचं सगळं कुमुद बघायची. गॅसचा नंबर, सोसायटीच्या मीटिंगा, सासूबाईंचं श्राद्ध, पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीने, रेवाने, खोली बदलावी की नाही याचा खल, आणि हे सगळं स्वतःची शाळा सांभाळून. पनवेलच्या एका शाळेत ती गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने चहा पिता पिता जाहीर केलं की आपण आता कादंबरी लिहिणार, तेव्हा तिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "लिहा. पहाटेचे दोन तास तुमचे, मी हाकसुद्धा मारणार नाही. पण ठमी तुमची. तिचं खाणं, फिरवणं, डॉक्टर, सगळं तुमच्याकडे. मी त्यात लक्ष घालणार नाही."

ठमी म्हणजे त्यांची गावठी कुत्री. चहाच्या रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. नऊ वर्षांपूर्वी रेवाच्या हट्टापायी दीनानाथनेच तिला तळोज्याच्या आपल्या कंपनीच्या गेटवरून डब्याच्या पिशवीत घालून आणलं होतं. तेव्हा पिशवी ओली झाली होती आणि दीनानाथ दोन दिवस त्याच पिशवीतून डबा नेत होता, कुमुदला कळेपर्यंत. असा हा माणूस. त्याच्यावर एकच काम सोपवलं यात कुमुदचं काही चुकलं असं कोणी म्हणणार नाही.

कंपनीत मात्र त्याच्यासारखा काटेकोर माणूस शोधून सापडायचा नाही. सव्वीस वर्षं तो तिथल्या प्रयोगशाळेत आहे. नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा, खाली सही करायची. आकडा मर्यादेबाहेर गेला तर अर्ध्या तासाच्या आत वरती कळवायचं, हा तिथला नियम. जगन नावाच्या त्याच्याच वयाच्या केमिस्टने एकदा बिघडलेला आकडा नीट लिहिला, सही केली आणि शिफ्ट संपली म्हणून घरी गेला. दुसऱ्या दिवशी दीनानाथने त्याला चारचौघांत झाडलं. "लिहून ठेवलं म्हणजे काम झालं का, जगन? कळवलंस कोणाला?" जगन त्यानंतर त्याच्याशी कामापुरतंच बोलतो.

कादंबरी उरणच्या खाडीकाठची होती. नायिका सोनाबाय, मासे विकणारी म्हातारी, एकटी. जुलैच्या मध्यावर दीनानाथने पहिली सहा प्रकरणं एका दिवाळी अंकाच्या संपादकांना पाठवली आणि त्यांचा चक्क फोन आला. "चौबळ, तुमची ती म्हातारी धक्क्याच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबते, कठड्याला हात लावते आणि 'काय नाय' म्हणते ना, तिथे अंगावर काटा आला हो. असं निरीक्षण हल्ली राहिलंय कोणाकडे? आम्ही छापतो. पण गणपतीच्या आधी पूर्ण हवी."

त्या एका फोनने माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढला. निरीक्षण हा शब्द त्याने रेवाला फोनवर दोनदा ऐकवला. शर्टाच्या खिशात एक छोटी निळी वही आधीपासून असायचीच, ती आता जेवतानाही ताटाशेजारी येऊन बसली. दिसेल ते, ऐकू येईल ते तारखेसकट त्या वहीत जायचं. तारीख घालायची सवय कंपनीतली.

आठ ऑगस्टला त्याने लिहिलं, 'ठमी फार पाणी पिते. सकाळपासून तिसऱ्यांदा वाडगं रिकामं.' मग तो थोडा वेळ पेन तोंडात धरून बसला. दुसऱ्या पहाटे त्याने सोनाबायला एक कुत्री दिली आणि लिहिलं, 'खाडी आटून जाईल या भीतीने प्यावं तशी ती कुत्री पाणी पीत होती.' हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने उठून स्वतःसाठी चहा केला. जाता जाता ठमीचं वाडगं भरलं. ते आदल्या रात्री भरलेलं होतं आणि आता कोरडं होतं.

सतरा तारखेला रविवार होता. श्रावण असल्यामुळे चौबळांकडे मासळी बंद होती, पण ठमीला श्रावण नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात गेल्या होत्या, आणि विचुंब्याच्या त्यांच्या बिल्डिंगखाली मासेवाली मैना टोपली घेऊन येऊ लागली होती. दर रविवारी ती ठमीसाठी बांगड्याचं एक डोकं बाजूला काढून ठेवायची. त्या दिवशी ठमीने ते हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"दादा, ही डोकं सोडनारी नाय," मैना म्हणाली. तिने कोयता खाली ठेवला आणि ठमीच्या पोटाखालून हात फिरवला. "प्वाट बगा कसं तट्ट झालंय. पानी लय पिते का?"

"पिते खरी."

"मग बरी नाय हाय ही. माज सरल्यावर कुत्री अशी पान्याच्या मागं लागली का समजायचं, आत काय तरी सडलंय. आमच्या वाड्यातली अशीच गेली, दादा."

दीनानाथच्या अंगातून एक लहर गेली. "काय म्हणालीस? पान्याच्या मागं लागली का... परत सांग." त्याने वही काढली.

मैनाला वाटलं, दादा डॉक्टरला सांगायला लिहून घेतात. "लिवा, लिवा," ती म्हणाली. "आनि आजच दाखवा." तिने शब्द न् शब्द सावकाश सांगितला. त्याने तो जसाच्या तसा उतरवला, एकही 'न' 'ण' होऊ दिला नाही, आणि तीन जिने धावत चढून सोनाबायच्या शेजारणीच्या तोंडी घातला.

आता कोणी म्हणेल, बिचाऱ्याला कळलं नसेल. छे! कळलं होतं. शेवटचं वाक्य लिहून पेन ठेवलं तेव्हा मैनाचं 'आजच दाखवा' आठवलंच होतं. पण दोन प्रकरणं राहिली होती. डॉक्टरकडे गेलं की अर्धा दिवस जाणार, मग तपासण्या, मग दुसरा दिवस. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ठमीची नसबंदी करून घ्या म्हणून बजावलं होतं, तेव्हाही तो 'कादंबरी झाली की करू' म्हणाला होता. कळतं पण वळत नाही म्हणतात, त्यातला प्रकार. मंगळवारी पोळ्या लाटता लाटता कुमुदने विचारलं, "अहो, ठमी जेवत नाहीये का?"

"श्रावण पाळतेय," दीनानाथ म्हणाला. कुमुद हसली. तिला हसलेलं पाहून त्यालाही बरं वाटलं.

शनिवारी सकाळी सहा वाजता कादंबरी संपली. त्याने खाली रेघ मारली, तारीख घातली आणि आनंदाने ठमीला फिरायला हाक मारली. ठमी बाल्कनीत पडली होती. तिने शेपटी एकदा आपटली, पुढचे पाय टेकले, पण मागचे उचललेच नाहीत. मग ती पिवळं ओकली आणि तिने मान खाली टाकली. दीनानाथने तिचं पोट हाताने दाबून पाहिलं तेव्हा ती त्याला चावली नाही, नुसती बघत राहिली. त्याला वाटलं, हिने चावायला हवं होतं.

बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोघांनी चादरीची झोळी करून तिला खाली उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर कुमुद थांबली. एका हाताने चादर धरून तिने दुसरा हात कठड्याला लावला.

"काय झालं?"

"काही नाही. चला."

दवाखान्यात डॉ. कोमल होत्या. त्यांनी ठमीला तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, "गर्भाशयात पू झालाय. काढावं लागेल. पाणी जास्त प्यायला कधीपासून लागली?"

कुमुद म्हणाली, "यांना विचारा. ठमीचं सगळं हेच बघतात." ती हे विश्वासाने म्हणाली, आणि तोच विश्वास दीनानाथला झेपला नाही.

"दोन-तीन दिवस झाले असतील," तो म्हणाला.

"नक्की? मी का विचारतेय सांगते. दोन दिवसांचं असेल तर मी आत्ताच ऑपरेशनला घेते. पण जास्त दिवसांचं असेल तर किडनीवर ताण आलेला असणार. मग आधी सलाइन, आणि भूल अगदी बेताने द्यावी लागेल. रक्ताचा रिपोर्ट यायला तीन-चार तास जातील. तोवर मला तुमच्या सांगण्यावरच चालायचंय. चुकीचं सांगितलंत तर ही टेबलावरच जाईल."

ठमी टेबलावर धापा टाकत होती. खरं सांगावं तर कुमुदसमोर सांगावं लागणार, न सांगावं तर ठमी जाणार. जगनचा पडलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला. लिहून ठेवलं म्हणजे काम झालं का? त्याने खिशातून निळी वही काढली.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "माझ्याकडे तारखा आहेत."

तो कंपनीत वाचतो तशा सपाट आवाजात वाचू लागला. "आठ ऑगस्ट. ठमी फार पाणी पिते. सकाळपासून तिसऱ्यांदा वाडगं रिकामं. बारा ऑगस्ट. सहा वेळा. फिरताना दोनदा बसली. सतरा ऑगस्ट." मैनाचं बोलणं त्याने मैनाच्याच शब्दांत वाचलं, आत काय तरी सडलंय इथपर्यंत, आजच दाखवा इथपर्यंत. डॉ. कोमल भराभर लिहून घेत होत्या.

"म्हणजे सतराला तुम्हाला कळलं होतं," कुमुद म्हणाली.

"हो."

"मी मंगळवारी विचारलं तेव्हासुद्धा."

"हो, कुमुद."

ती ठमीच्या पडलेल्या कानामागे खाजवत राहिली.

"माजावर कधी आली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

दीनानाथ पानं मागे उलटू लागला. घाईत पानं जास्तच उलटली गेली आणि जूनचा मध्य उघडला. तिथे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चौदा जून. कु. दुसऱ्या मजल्यावर थांबते. कठड्याला हात. विचारलं तर काही नाही म्हणते. सोनाबायला द्यावं.' दोन पानं पुढे, 'तीन जुलै. कु. आज दोनदा थांबली. गार हवा असून कपाळावर घाम. उत्तम तपशील.'

संपादकांच्या अंगावर आलेला काटा आता दीनानाथच्या अंगावर आला, आणि त्यात कौतुक नव्हतं.

"सापडलं का?" डॉक्टर म्हणाल्या.

"अठ्ठावीस जून," तो कसाबसा म्हणाला.

सलाइन लावलं. दुपारी ऑपरेशन ठरलं. दोघं बाहेरच्या बाकावर बसले, मध्ये एका माणसाची जागा ठेवून. रेवाचा फोन आला तेव्हा कुमुदनेच घेतला. "हो ग, आत आहे. घाबरू नकोस. बाबाने डॉक्टरांना सगळ्या तारखा नीट सांगितल्या." यात एक अक्षर खोटं नव्हतं. तिने चिडून काही सांगितलं असतं तर दीनानाथला सोपं गेलं असतं. त्याला लाज वाटली, आणि ती लाज कुठे ठेवावी हे कळेना. संपादकांचा फोन वाजला, तो त्याने वाजू दिला.

चार वाजता डॉ. कोमल बाहेर आल्या. "जगली. दोन दिवस जपायला हवं, पण जगली. तारखा कळल्या म्हणून बेताने घेता आलं. आठलाच आणली असतीत ना, तर..." त्या हात पुसत आत गेल्या.

दीनानाथ रडला. रुमाल घरी राहिला होता, बाहीनेच डोळे पुसले. मग त्याने वही चौदा जूनच्या पानावर उघडली आणि कुमुदच्या मांडीवर ठेवली. पहाटेचे दोन तास, सोनाबाय, ठमी, हे सगळं गेलं तरी चालेल, पण आता हिच्यापासून काही लपवायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

कुमुदने चष्मा लावला. वर्गात मुलांच्या वह्या तपासते तसं ओळीखाली बोट धरून वाचलं. पान उलटून जुलैचंही वाचलं.

"सोनाबाय म्हणजे मी होय," ती म्हणाली.

"कुमुद, दम लागतो ना तुला?"

"लागतो. शाळेच्या जिन्यावर जास्त." तिने वही मिटली. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि दीनानाथला त्याचीच धास्ती वाटली. "मला वाटायचं, तुमचं लक्षच नसतं. लिहिण्यात बुडालेला माणूस, त्याला दिसणार कसं, म्हणून मी मनात कधी दोष दिला नाही तुम्हाला. तुम्हाला तर सगळं दिसत होतं."

दीनानाथने फोन काढला. शेजारच्या गुप्तेकाकूंना गेल्या वर्षी ज्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यांचा नंबर त्याच्याकडे होता. पलीकडून बाईंनी पेशंटचं नाव विचारलं, वय विचारलं, त्रास काय होतो ते विचारलं. कुमुद शेजारी बसून ऐकत होती.

"बरं, आणि हे कधीपासून होतंय?" बाईंनी विचारलं.

वही कुमुदच्या मांडीवर मिटलेली होती. दीनानाथला ती उघडावी लागली नाही.

"चौदा जूनपासून," तो म्हणाला.