महामाया सिस्टरांची उलटतपासणी

महामाया सोनकांबळे सिस्टरांच्या तोंडी लागू नका, हे तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी कानात सांगितलं जाई. माहेर बिलोलीचं, सासर रेणापूरचं, म्हणजे जिभेला दोन जिल्ह्यांची धार. पण गेला महिनाभर बाई गप्प होत्या आणि अख्ख्या दवाखान्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

झालं होतं असं. बावीसेक वर्षांची एक पोरगी आईला घेऊन आली. नाव सांगायचं कारण नाही. तिच्यावर जबरदस्ती झाली होती. केसपेपरच्या खिडकीवर तिनं कसंबसं सांगितलं, मग महामायांना सांगितलं. महामायांनी मान वर न करता तिला पुढं धाडलं. मोठे डॉक्टर शिवशंकर सर म्हणाले, आधी पोलिसांची चिठ्ठी आणा. ठाण्यात फौजदार शिल्पा मॅडम म्हणाल्या, आधी तपासणी करून या. पाचव्यांदा सांगायची पाळी आली तशी पोरगी एसटीत बसून गावी निघून गेली. वाईट कुणीच नव्हतं. जो तो नियमानं वागत होता, आणि गंमत म्हणजे तो नियमच नव्हता; अशा तपासणीला चिठ्ठी लागतच नाही.

महामायांना झोप लागेना. त्यांनी सगळ्यांना एका टेबलाशी आणलं: डॉक्टर, फौजदार आणि वकील बुद्धप्रिया. पहिला अर्धा तास चूक दुसऱ्याचीच कशी, यावर मोठ्या आदबीनं भांडण झालं. शिवशंकर सर तेवढे खुर्चीच्या कडेवर तिरके बसले होते.

"सर, असं का बसून राहिलात?" महामायांनी विचारलं.

"काही नाही. गळू झालंय."

"कुठं?"

"बसतो तिथं," सर पुटपुटले.

सिस्टरांच्या डोळ्यांत महिन्याभरानं चमक आली. "मॅडम, लिहून घ्या. सर, कधी झालं? तवा अंगावर काय कपडे व्हते?" सरांना वाटलं थट्टा आहे; ते हसत सांगून मोकळे झाले. "आता वकीलबाईला सांगा. पहिल्यापासून." सरांनी सांगितलं, पण हसू आटलं होतं. मग दाराशी चहा घेऊन आलेल्या शिपाई चंद्रप्पांकडं बोट गेलं. "आता ह्यांना सांगा. आन् इतके दिवस का न्हाई बोललात, तेबी सांगा."

"एकदा सांगितलं ना!" सर ओरडले. कान लालबुंद झाले होते. "माणसाला काही लाजलज्जा असते की नाही?"

"हाव सर," महामाया हळूच म्हणाल्या. "तिलाबी व्हती."

चहा निवून गेला. मग ठरलं ते फार सोपं होतं. अशी बाई आली की ती हलणार नाही, बाकीचे तिच्याकडं जातील. एका खोलीत, एकदाच. एकानं विचारायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि कुणी खोलीत थांबायचं ते तिनं ठरवायचं.

ठरवणं झालं, पण ती पोरगी? रविवारी महामाया तिच्या गावी गेल्या, तूरडाळ घ्यायचं निमित्त करून, म्हणजे आळीला वास लागायला नको. पोरीच्या आईच्या, धुरपताबाईंच्या स्वयंपाकघरात बसून एवढंच म्हणाल्या, "तपासणीच्या नमुन्याचा टाइम गेला माय, जबाबाचा न्हाई. एकदाच सांगायचं. नको वाटलं तर नको." पोरगी चुलीकडं बघत राहिली. सिस्टर नको असलेली पाच किलो डाळ डोक्यावर घेऊन परत आल्या.

अकराव्या दिवशी ती आली. आईसोबत, स्वतःच्या पायांनी.

कोपऱ्यातल्या खोलीत सगळे जमले. शिल्पा मॅडम साध्या साडीत. शिवशंकर सरांनी दारातूनच विचारलं, "मी थांबू का जाऊ?" ती म्हणाली, "बसा." बुद्धप्रियानं पाण्याचा गिलास पुढं केला. शिल्पा मॅडमनी पेन उघडलं. पोरगी मात्र महामायांकडंच बघत होती.

"मी सांगते," ती म्हणाली. "पण आधी ह्यांनी सांगावं. त्या दिवशी माझ्याकडं न बघता मला पुढं का धाडलं?"

दोन जिल्ह्यांची धार असलेली ती जीभ टाळूला चिकटून बसली. कामाचा रगाडा होता, रांग होती, बाळंतपणं होती, सगळी कारणं हाताशी होती. त्यातलं एकही महामायांनी घेतलं नाही.

"भ्याले व्हते," त्या म्हणाल्या. "माझी लेक तुझ्याच वयाची हाय. तुझ्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली न्हाई. चुकलं माझं, लेकरा."

पोरीनं मान हलवली. खुर्ची थोडी पुढं ओढली आणि सांगायला सुरुवात केली.