काखेतलं अवधान

काखेत गाठ आली की आमच्या कुरुंद्याकडची माणसं डॉक्टरकडे जात नाहीत, आधी तळहात बघतात. हातात काटा मोडला की काखेत अवधान येतं आणि पायात मोडला की जांघेत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाल्यावर, ऐन हळद शिजवायच्या दिवसांत, आत्याच्या उजव्या काखेत सुपारीएवढी गाठ लागली, तेव्हा घरातल्या यच्चयावत बायका सुई घेऊन तिच्या हातावर तुटून पडल्या. हळदीनं पिवळ्याधमक झालेल्या त्या हातात काटा शोधणं काही सोपं नव्हतं. पण अंगठ्याच्या मुळाशी येड्या बाभळीचं टोक सापडलं. मग गरम विटेचा शेक झाला, चहा झाला आणि सगळ्यांच्या लेखी विषय मिटला.

गाठ मात्र बसली नाही. मी तेव्हा हिंगोलीत नोकरीला होते. सुट्टीला गेले तर आत्या म्हणाली, जरा पाठ चोळून दे. चोळता चोळता बाजूनं पुढं हात गेला आणि छातीत हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं.

"दुधाची गाठ असंल," आत्या म्हणाली.

"आत्या, तुझ्या धाकट्याला मिशा फुटल्या. आता कसलं दूध?"

मी मुळातच आगाऊ. तिला एसटीत घातलं आणि नांदेड गाठलं. तिथल्या नर्सनं आत्याचे तळवे पाहून आधी कावीळच ठरवून टाकली होती. तिची समजूत काढून आम्ही डॉक्टरपुढे बसलो. तपासण्या झाल्या. छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. लहान होती, वेळेत सापडली होती. काखेतल्या गाठीतही सुई घालून पाहिली, त्यात काही दिसलं नाही.

"बाभळीचा काटा हाय तो," आत्या म्हणाली. "मी सांगून राहिले नं."

"असेलही मावशी," डॉक्टर म्हणाले. पोरसवदा होते, पण घाईतले नव्हते. "पण नुसत्या सुईवर भरवसा ठेवता येत नाही. काखेत प्रत्येकाच्याच बारीक गाठी असतात. आजार छातीतून निघाला तर आधी त्यांत जातो."

पूर्वी म्हणे अशा वेळी काखेतल्या गाठी सरसकट काढून टाकायचे. मग कुणाकुणाचा हात जन्मभर सुजायचा, जड कामाला निकामी व्हायचा. आता छातीत निळं औषध टोचतात. ते वाहत वाहत काखेत ज्या गाठींपर्यंत पहिल्यांदा पोचतं, त्या निळ्या होतात. तेवढ्याच काढून तपासायच्या. त्या चांगल्या निघाल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. तुमची ती सुपारीही सोबत काढू, म्हणाले.

आत्यानं मान डोलावली. "हळदीला पाणी सोडल्यावानी. पहिला वाफा कोरडा, तर फुडचे बी कोरडेच."

"बराबर," डॉक्टर खूश झाले.

"अन् पहिलाच भिजला असंल तं?"

"तर पुन्हा ऑपरेशन. काख पूर्ण साफ करावी लागेल."

"मंग मी येनार न्हाई," आत्या म्हणाली. "आमच्या मालकाला कोन उठवील?"

आत्याच्या मालकांना आम्ही मामा म्हणत असू. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. रोज सकाळी आत्या त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवायची, बाजेवर बसवायची, तोंड धुऊन चहा पाजायची. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना चालत नसे. मी डॉक्टरांसमोरच तिच्यावर चिडले. उपयोग शून्य.

पहिलं ऑपरेशन तेवढं तिनं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं मला घाबऱ्या घाबऱ्या संडासात नेऊन दाखवलं, लघवी हिरवीगार! ते त्या औषधाचंच होतं, पण आत्याला वाटलं, आपण आतून नासलो. नर्स हसून हसून बेजार झाली. काखेचा रिपोर्ट यायला वेळ होता, म्हणून आम्ही घरी आलो.

मामा बाजेवर पडलेले होते. आत्यानं त्यांच्यासमोर पुन्हा तेच जाहीर केलं. रिपोर्ट कसाही येवो, पुन्हा काखेला हात लावू देणार नाही. मी तावातावानं भांडत होते. मग मामांनी चांगल्या हातानं बाजेची कड धरली, पाय खाली सोडले आणि उठून बसले. कुणाच्या मदतीशिवाय.

"जा तू," ते अडखळत म्हणाले. "काय काढायचं ते काढून घे."

आत्या बघतच राहिली. "कवापासून येतं तुमाला हे?"

"झालं वरीस."

"मंग बोलले काहून न्हाई?"

"तू उठवायचीस नं," मामा म्हणाले.

कॅन्सर ऐकून जिच्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं, ती आत्या त्या दिवशी मामांना वाटेल ते बोलली आणि बोलता बोलता ढसाढसा रडली. मला आधी हसू फुटलं होतं, नंतर मी उठून तिला पाणी आणून दिलं. मामांनी ऐकून घेतलं सगळं.

रिपोर्ट मीच नांदेडहून आणला. निळ्या गाठी चांगल्या होत्या. ती सुपारीही चांगली, नुसती सुजलेली. घरातल्या बायकांनी लगेच काट्याचं श्रेय वाटून घेतलं. छातीचा पुढचा इलाज अजून व्हायचा होता, पण काखेला कुणी हात लावणार नव्हतं. मी आत्याला तसं नीट समजावून सांगितलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाजेपाशी गेली. मामा आपले आपण उठून बसलेले होते.

"आडवे व्हा," ती म्हणाली. "आज डाव्या हातानं उठवते. जखम भरली की उजव्यानं."

मामा निमूट आडवे झाले.