हळूबाईंचा तिसरा नमुना

आमच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही त्यांना हळूबाई म्हणायचो. दार लोटलं की ‘हळू’, स्टूल सरकवलं की ‘हळू’, शिंकायचं तर बाहेर जाऊन. मी त्यांचा साहेब, पण त्यांच्या खोलीत मीही चपला काढून चवड्यांवर चालत असे.

कारणही तसंच होतं. भूकंपात पाण्याखालची सैल वाळू एकाएकी पातळ होते आणि तिच्यावरची इमारत कलते. जमीन असा दगा देईल का, हे आम्ही आधीच तपासायचो. हळूबाई रबराच्या पिशवीत नरसाळ्यानं वाळू सोडत, जमिनीत असते तेवढीच सैल. मग तीत पाणी भरायचं, चहूबाजूंनी दाब द्यायचा आणि यंत्राचे हिसके मोजायचे. पंधरा सोसले तर जमीन पास. पण भरताना नुसता धक्का लागला, तरी वाळू दबून बसते आणि नसलेली ताकद दाखवते. म्हणून वाळू सोडताना त्या श्वास रोखून धरत. ती बारीक सरसर मला अजून ऐकू येते. इतकं शांत काम मी पुन्हा पाहिलं नाही.

एकदा एका शाळेच्या जागेची वाळू आली. जागा नेमकी हळूबाईंच्या गल्लीच्या टोकाला. त्यांच्या मुलीची मुलगी त्यांच्याकडेच वाढत होती. इमारत वेळेत झाली तर ती तिथंच पहिलीत जाणार होती. दुसरी शाळा थेट नदीपलीकडे.

“घरातून हाक मारली तर वर्गात ऐकू जाईल,” असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. एरवी त्यांच्या तोंडून शब्द निघायची मारामार.

पहिला नमुना जेमतेम तरला, दुसरा ढासळला. सगळी भिस्त तिसऱ्यावर. त्यानं चोवीस हिसके सोसले. मला शंका यायला हवी होती, आली नाही. वरून रोज फोन येत होते. डोक्याचा ताप गेला म्हणून मी खूश. सहीला पेन उघडलं, तर हळूबाई दारात.

“साहेब, सही नका करू. भरताना माझं कोपर लागलं. वाळू बसली, वर जागा झाली, ती मी भरून काढली. वहीत मात्र नेहमीचंच वजन लिहिलं.”

“कोणी पाहिलं?” मी हे विचारलं, याची आज लाज वाटते.

“कोणी नाही.”

“मग?”

“मग काय, नवा भरते. तुम्ही शेजारी उभे राहा. माझाच मला भरवसा नाही आज.”

मी उभा राहिलो. नवा नमुना अकराव्या हिसक्याला गेला. त्यांनी वहीत अकरा लिहिलं आणि यंत्र पुसायला घेतलं. शाळा रद्द झाली.

पुढच्या वर्षापासून हळूबाईंना रोज उशीर होऊ लागला. पंधरा-वीस मिनिटं, पण रोज. मी नियमाचा पक्का. मस्टरवर लाल लेटमार्क, तीन झाले की एक रजा कापलेली. एकदा सगळ्यांसमोर टोमणाही मारला, “बाई, आता येणंही हळूच का?” त्या नुसत्या हसल्या आणि कामाला लागल्या. असं चार वर्षं चाललं. मग त्या निवृत्त झाल्या.

निरोपाच्या दिवशी नात आली होती, दोन वेण्या घातलेली, चुणचुणीत. मी म्हटलं, “आता आजी दिवसभर घरी. मजा आहे तुझी.”

“तिचीच मजा आहे,” ती म्हणाली. “रोज मला नदीपलीकडे शाळेत सोडून ती पळत बस पकडायची. उशीर झाला की ऑफिसातले साहेब रागावतात ना.”

शाळा गल्लीत का झाली नाही, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि चार वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. ते साहेब मीच, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.