स्टोव्हचं गाणं कुठून आलं

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी आम्ही महाराष्ट्राबाहेर पडलो. तिकडे साताऱ्यात लोक पेढे वाटत होते आणि आम्ही भोपाळच्या नव्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सामान लावत होतो. यांची नोकरी चांगली होती, मला लग्नानंतर पहिल्यांदाच माझं स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं. सासूबाईंना मात्र इथलं काहीच पसंत नव्हतं. यांनी मला बजावून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत आई रमली तर ठीक. नाही तर राजीनामा देऊन परत जायचं. थोरल्याच्या भरवशावर मी तिला सोडणार नाही." परत जायचं म्हणजे पुन्हा चार जावांत एक चूल. माझा सगळा संसार त्यांच्या रमण्यावर टांगलेला होता, आणि त्या रमायचं नाव घेत नव्हत्या.

हिंदीशी तर त्यांनी उभा दावा मांडला होता. भाजीवाला दारात आला की त्या आत निघून जात. "या मुलखात मी तोंड उघडायची नाही," म्हणत. माझ्या बाबतीत तोंड उघडायला त्यांची हरकत नसे. पाण्याच्या हंड्याला हात लावला की विचारत, पारोशी आहेस का? देवाजवळून गेले तर म्हणत, पदर लागला बघ. मी निमूट ऐकत असे. दिवाळीपर्यंत भांडण परवडणारं नव्हतं.

आणि अशा या बाई एका सकाळी पोळ्या लाटता लाटता गुणगुणल्या, "झट से जले, पट से पके, घर में कोई ना थके." हे स्टोव्हच्या जाहिरातीचं गाणं. मी ते बाजारात पानाच्या दुकानावर ऐकलं होतं. त्या काळी लंकेहून लागणाऱ्या रेडिओ स्टेशनवर स्टोव्ह, पंखे, शिवणयंत्रं सगळीच गात असत. पण सासूबाई बाजारात कधी गेल्या नव्हत्या आणि आमच्या घरी रेडिओ नव्हता. पाणी कुठंतरी मुरत होतं.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, हे गाणं कुठलं हो?"

"वाऱ्यावर आलं असेल," त्या म्हणाल्या आणि पोळी उगीचच जोरात लाटली.

संशय हा माझा माहेरचा गुण. आमच्या ओळीत रेडिओ एकच होता, शेजारच्या आपांकडे. आपा मूळच्या भोपाळच्याच, त्यांचे यजमान कारखान्यात फोरमन. आता मी लक्ष ठेवायला लागले. दुपारी मी पडले की मागच्या दाराची कडी हलकेच वाजे, आणि चहाच्या वेळेला उठावं तर दोरीवर सासूबाईंचं दुसरं लुगडं वाळत असे. सकाळी अंघोळ करून नेसलेलं लुगडं दुपारी कशाला धुवायला लागतं? ज्यांच्या घरचं पाणीही चालत नाही त्यांच्याकडे जाऊन येत असणार, आणि माझी उणीदुणी काढत असणार. फक्त ती कुठल्या भाषेत काढतात एवढंच मला कळत नव्हतं.

एक दिवस मी झोपेचं सोंग घेतलं, जरा वेळ जाऊ दिला आणि आपांची चाळणी परत द्यायच्या निमित्तानं निघाले. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत आपांची आई खाटेवर पडून असे. तिला उठता येत नव्हतं, हे सगळ्या ओळीला माहीत होतं. तिच्या उशाशी सासूबाई बसल्या होत्या. हातात चहाचा पेला. फडताळावर रेडिओ चालू होता. शिवणयंत्राची जाहिरात लागली आणि दोघी म्हाताऱ्या त्यात सूर मिसळायला लागल्या. सिनेमाचं गाणं सुरू झालं तेव्हा दोघी गप्प झाल्या. ते लांबलचक गाणं त्यांना येत नसावं. जाहिरात छोटी, रोज तीच, पाठ व्हायला सोपी.

आपा मला पाहून दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अम्मा तो रोज़ आ रई हैं. आपको नईं मालूम?"

मी चाळणी ठेवून परत आले. त्या चहाच्या पेल्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. यांनी राजीनाम्याचा विषय काढलाच तर ते हत्यार हाताशी असावं, असा माझा हिशेब होता.

दिवाळीच्या थोडं आधी ती म्हातारी गेली. ओळीतल्या सगळ्या बायका जमल्या. आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या, रडतही नव्हत्या. सासूबाई सरळ त्यांच्यापाशी गेल्या, त्यांचं डोकं स्वतःच्या छातीशी धरलं आणि एवढ्या बायकांत मोठ्यानं म्हणाल्या, "हम हैं घर में, फ़िक्र ना कीजे."

ती पंख्याची जाहिरात होती. तिची पुढची ओळ "दिन भर ठंडी साँसें लीजे" अशी आहे, आणि ती आता येणार, बायका हसणार, या भीतीनं मी डोळे मिटून घेतले. सासूबाई तेवढ्यावरच थांबल्या. आपांनी त्यांचा पदर घट्ट धरला आणि हमसून हमसून रडायला लागल्या. कोणी हसलं नाही. ती जाहिरात त्या बायकांनीही रोज ऐकलेली असणार, पण मला त्या खोलीत एकीच्याही चेहऱ्यावर ओळख दिसली नाही.

घरी येऊन सासूबाईंनी अंघोळ केली आणि न जेवता बसून राहिल्या. यांना वाटलं, झालं, आता आईचं मन पुरतं उडालं. ते म्हणाले, "आई, उद्या राजीनामा देऊन टाकतो. जाऊ आपण साताऱ्याला." चहाचा पेला जिभेच्या टोकापर्यंत आला होता.

"कसं जायचं?" सासूबाई म्हणाल्या. "'हम हैं घर में, फ़िक्र ना कीजे' म्हणून सांगून आलेय ना तिला."

"अगं, ती पंख्याची जाहिरात आहे," हे म्हणाले.

"असेना का. बोलले तर मीच ना?"