बाबांची झील

बाबा शाहीर होते आणि मी त्यांची झीलकरी. शाहिराची ओळ संपत आली की मागच्यानं ‘जी जी’ करत सूर उचलायचा, म्हणजे शाहिराला श्वास घ्यायला उसंत मिळते. आमच्या खापा गावात हे काम पुरुषांचं. पण बाबांचे झीलकरी एकेक करून बुटीबोरीच्या कारखान्यांत लागले. ड्युटी सोडून मोर्च्यात कोण येणार? मग मीच उभी राहिले. नवऱ्याकडून परत आलेली पोरगी डफामागे उभी राहते, यावर गावानं वर्षभर तोंडसुख घेतलं. घेऊ दे!

बाबा गायचे ते कंत्राटी कामगारांसाठी, धरणाखाली गेलेल्या गावांसाठी. दर हिवाळ्यात नागपुरात अधिवेशन भरलं की मोर्चे जिथं अडवतात तिथं आम्ही हजर. बाबांनी डफावर थाप मारली की बंदोबस्तातले शिपाईसुद्धा मान हलवायचे. ओळी बाबा तिथल्या तिथं जुळवायचे, दर वेळी वेगळ्या. वहीत कधी एक अक्षर उतरवलं नाही. “लिहलं का शिळं होते,” म्हणायचे.

पुढे त्यांचा दम तुटायला लागला. ओळीच्या शेवटच्या शब्दावर आवाज चिरकायचा. मी झील आधीच उचलू लागले, त्यांचा शब्द संपायच्या आत. कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याचा मला भारी तोरा होता.

मग धंतोलीतल्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ सांगितली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी बाबांना दवाखान्याच्या गच्चीवर नेलं आणि वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला मोबाइल ठेवला.

“म्हणा बाबा. जेवढं होते तेवढं म्हणा.”

त्यांनी तीन गाणी म्हटली. त्यांच्या आवाजाचं तेवढंच मागे राहणार होतं. आणि मी शहाणी, सवयीनं प्रत्येक ओळीवर झील उचलत बसले! मोबाइलमध्ये बाबांच्या एकाही ओळीचा शेवटचा शब्द नाही. तिथं मी आहे.

ऑपरेशननंतर त्यांना ते ऐकवलं. ऐकता ऐकता मला रडू कोसळलं. त्यांनी पाटी मागितली आणि लिहिलं, ‘काहून रडून राहिली वं? माहा दम कोठीच तुटलेला दिसला नाही.’ किती खूश होते ते!

वर्षभरात बाबा गेले. आता घरात मी एकटी. एका माणसाची भाजी कितीही कमी केली तरी उरते. संध्याकाळी मोबाइल लावते आणि माझा आवाज आला की बंद करते. तिथं कोणता शब्द होता, ते मला आठवत नाही. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

यंदा अधिवेशनाच्या आधी युनियनची एक पोरगी घरी आली. मोर्च्यात बाबांचा आवाज लावायचा म्हणाली. मी ऐकवलं. ती जरा घुटमळली.

“ताई, यातून तुमचा आवाज काढता नाही येत का?”

तिचं काही चुकलं नाही. तिनं मोबाइलवरून गाणी नेली, कॉम्प्युटरवर खटपटही केली. दोन आवाज वेगळे होईनात. शेवटी फोनवर म्हणाली, “मग तुम्हीच म्हणा ना ताई.”

गेले. बाबांचा डफ घेतला. शेवटचे शब्द मीच बसवले होते, बरेवाईट. समोर माणसंच माणसं, पलीकडे पोलीस. पहिली ओळ नीट गेली, दुसरीही. तिसरीच्या शेवटी माझा दम संपत आला आणि मी झील उचलली जाण्याची वाट पाहिली. मागे कोणीच नव्हतं. शब्द अर्धाच राहिला, आणि तो सगळ्यांनी ऐकला.