शारजातला कॅनडा

शारजात शाळेत शिकवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. बाल्कनीत वाळू आणि डोक्यात किस्से. वाळू निदान झाडता तरी येते! किस्से मात्र कुणी चहा विचारेपर्यंत आत ठाण मांडून बसतात. तुम्ही चहा विचारलात, आता भोगा.

आमची शाळा कॅनडाच्या सिलॅबसची. म्हणजे प्रिन्सिपल मिस्टर केली कॅनडाचे, पुस्तकं कॅनडाची आणि बाकी आम्ही सगळे जिथले तिथले. सोशल स्टडीज शिकवणारी मी, वंदना जोगळेकर, डोंबिवलीची. मी बर्फ पाहिला तो फ्रीजरमधला. पहिल्याच दिवशी आठवी बीमधल्या ओमरनं मला गाठलं.

"मिस, हॅव यू बीन टु कॅनडा?"

"नो."

त्यानं वळून वर्गाला विचारलं, "एनीबडी?" सव्वीस जणांपैकी एकाचाही हात वर गेला नाही. ओमरनं सुस्कारा टाकला आणि पुस्तक उघडलं. "यल्ला मिस, स्टार्ट. नोबडी विल नो."

*

त्या पुस्तकात रेसिडेन्शियल स्कूल्सवर जेमतेम दोन परिच्छेद होते. कॅनडाच्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारनं आईबापांपासून तोडून या शाळांत नेऊन ठेवली. केस कापले, नावं बदलली, कुणाकुणाला तर नुसता नंबर दिला. घरची भाषा बोललं की मार! "टू पिरियड्स, अँड खलास," केली सर म्हणाले. हा धडा चालू असला की ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलत. शारजाच्या हवामानावर बोलणार तरी काय? "हॉट, मिसेस जोगळेकर." "व्हेरी हॉट, सर."

पण आठवी बी दोन पिरियडमध्ये खलास होणारी नव्हती. हिना नावाची एक मुलगी होती, कराचीची, भारी चौकस. तिनं विचारलं, "मिस, डिड दे फोन देअर ग्रँडमदर्स?"

फोन नव्हते, म्हटलं.

"देन लेटर्स?"

पत्रं इंग्रजीत लिहावी लागत, म्हटलं. घरच्यांना ती वाचताही यायची नाहीत.

इथल्या प्रत्येक मुलाची आजी दुसऱ्या देशात. ओमरनं पुस्तक मिटलं. म्हणाला, "मिस, धिस इज हराम." मी वीस वर्षं शिकवलं, पण त्या धड्याचं इतकं थोडक्यात उत्तर कुणी लिहिलं नाही.

*

त्याच संध्याकाळी घरी फोन. आठवी बीमधल्याच रोहनचे बाबा, देशपांडे, अल मजाजला राहणारे.

"मॅडम, रोहन सांगत होता, कॅनडात रेसिडेन्शियल स्कूल असतात म्हणे. फॉर्म कुठे मिळतात?"

मी म्हटलं, "अहो, तसल्या शाळा नाहीत त्या. तिथे मुलांचे केस बारीक कापायचे."

"उत्तम!"

"पहाटे उठवून कामाला लावायचे."

"वा!"

"घरची भाषा बोलू द्यायचे नाहीत."

"मॅडम, आम्हाला अगदी हेच पाहिजे! इथे लाडानं डोक्यावर बसलाय तो."

शेवटी मी सांगितलं की पुष्कळ मुलं तिथून घरी परत आलीच नाहीत. काही आजारानं गेली, काहींचं काय झालं ते आईबापांना कळवलंसुद्धा नाही.

 मग देशपांडे बोलले, पण माझ्याशी नव्हे. "रोहन, बाळा, जेवलास का रे?"

*

मग मला अतिशहाणपणा सुचला. मुलांना अनुभवातून शिकवावं! एका पिरियडपुरती सगळ्यांची नावं रद्द केली, रोल नंबरनं हाक मारली. रांगेत उभं केलं, इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही असं बजावलं. चाळीस मिनिटांनी विचारलं, "सो, हाउ डिड इट फील?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. हिना म्हणाली, "मिस, व्हेन विल इट स्टार्ट?"

*

आता माझं पाप सांगते. आमच्या शाळेत एक पिवळं कार्ड होतं, "आय मस्ट स्पीक इंग्लिश" असं लिहिलेलं. जो दुसरी भाषा बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात ते जायचं आणि त्यानं पुढचा पकडून देईपर्यंत तिथेच राहायचं. त्या कार्डाची इनचार्ज मी! मोठ्या तोऱ्यात मिरवायची.

त्या वर्षी मॅथ्सच्या शबाना मुकादमची भाची मेहजबीन आठवी बीमध्ये आली. थेट रत्नागिरीजवळच्या गावातून, मराठी शाळेतून. पोरीला इंग्रजी येत होतं ते पुस्तकातलं. पहिल्या दिवशी मला "बाई" अशी हाक मारली आणि मी कार्ड तिच्या गळ्यात घातलं. त्यानंतर ती बोलेचना! ना मराठी, ना इंग्रजी. कार्ड अकरा दिवस तिच्याच गळ्यात.

शबाना स्टाफरूममध्ये मला म्हणाली, "वंदना, पोर घरी पण बोलत नाही गं. आणि केली सर म्हणतात, आता एकदा जरी मराठी कानावर आलं तर सहावीत बसवणार. तेरा वर्षांची घोडी सहावीत? भाऊजी परत गावालाच धाडतील तिला." इतक्यात केली सर आत आले आणि आम्ही दोघी बायका एका दमात इंग्रजीत पाण्याच्या कूलरबद्दल बोलायला लागलो. ते गेल्यावर शबाना म्हणाली, "आपण काय चोरी करत होतो का गं?"

*

दुसऱ्या दिवशी धड्याचा शेवटचा पिरियड. घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायची, हे मी पुन्हा वाचून दाखवलं. हिना उभी राहिली.

"मिस, लाइक अवर कार्ड?"

"नो, नो. दॅट इज डिफरंट."

"हाउ, मिस?"

मी कोराच फळा पुसायला लागले आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, तसं नसतं ते!"

वर्गात एकच जल्लोष! "मिस! कार्ड! कार्ड!" ओमरनं मेहजबीनच्या गळ्यातलं कार्ड काढलं आणि अदबीनं माझ्या गळ्यात घातलं. बाकं बडवण्याचा असा दणका उडाला की केली सर धावत आले. दारात उभे राहून त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून मेहजबीन उठली. सरळ माझ्यापाशी आली, हात पुढे केला आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच बोलली. स्वच्छ, खणखणीत मराठीत.

"बाई, ते इकडे द्या. मला सवय आहे."

केली सरांच्या कपाळावर आठी पडली. "व्हॉट लँग्वेज वॉज दॅट?"

 मग ओमर उठला. "इंग्लिश, सर."

"इंग्लिश, सर," हिना म्हणाली. मग रोहन. मग सगळा वर्ग एका सुरात, "इंग्लिश, सर!"

केली सर माझ्याकडे वळले. "मिसेस जोगळेकर, यू आर इन चार्ज. वॉज दॅट इंग्लिश?"

मी गळ्यातलं कार्ड सरळ केलं आणि म्हटलं, "परफेक्ट इंग्लिश, सर."